सात मिनिटांची नक्कल

एम.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला मानसिक आरोग्य या विषयाची जी प्रात्यक्षिक परीक्षा होते, त्या परीक्षेत रुग्ण पास झाला आणि विद्यार्थी नापास झाला. विद्यार्थ्याचं नाव सुगत देवमन खंडारे, राहणार धामणगाव रेल्वे, हल्ली मुक्काम अकोला.

असं काही घडलेलं नाही. वरचा परिच्छेद आपण वाचलाच नाही, असं धरून चालायचं आहे. सुगतही तसंच धरून चालला होता, आणि तो तर परीक्षेला बसलेला माणूस.

तर मार्चचा दुसरा आठवडा होता. अकोल्याचा पारा अजून चाळिशीच्या खाली होता, म्हणजे तिथल्या मापाने थंडीच.

सुगत आधी पाच वर्षं वरुडकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होता. इंजेक्शनची खोली त्याच्याकडे. त्या भागात त्याचं नाव होतं, कारण त्याची सुई दुखत नसे. सुई सरकारीच होती. पण सुगत बोलायला लागला की टोचल्याचं माणसाच्या लक्षातच यायचं नाही. शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी खास त्याच्याकडे यायचे. टोचून व्हायचं, कापूस दाबून व्हायचा, तरी उठायचे नाहीत, कारण गोष्ट अर्ध्यात असायची.

दर मंगळवारी एक बाई यायच्या. त्यांना कोणी इंजेक्शन लिहून दिलेलं नसायचं. "ताकदीचं देता का एखांदं?" म्हणायच्या, बाकावर बसायच्या, टेबलावर दोन संत्री ठेवायच्या आणि काहीतरी सांगायला तोंड उघडायच्या. तेवढ्यात सुगत सुरू व्हायचा. असं वर्षभर चाललं. मग बाई यायच्या बंद झाल्या. त्यांना सांगायचं काय होतं, हा प्रश्न सुगतच्या डोक्यात येऊन बसला तो उठेचना. शेवटी त्याने दोन वर्षांची अभ्यासरजा टाकली आणि अकोल्यात मानसिक आरोग्य नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. एका बाईंना काय म्हणायचं होतं हे कळावं म्हणून विद्यापीठाची पदवी घेणारा तो बहुधा पहिलाच.

इकडे अमरावती जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकात नर्सची एक जागा तीन वर्षं रिकामी होती. "डिग्री आण, खुर्ची पुसून ठेवतो," असं तिथल्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं. पास झाला तर ती खुर्ची, नापास झाला तर पुन्हा इंजेक्शनची खोली. मामला एवढाच, पण सुगतसाठी सगळा.

अडचण एकच होती. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात तो काठावर पास झाला होता आणि परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थी रुग्णापेक्षा जास्त बोलतो. रुग्णाला उन्माद असूनही.'

म्हणून दुसऱ्या वर्षी माया तायडे मॅडमनी त्याला सहा नंबरची खाट दिली. तायडे मॅडम त्याच्या मार्गदर्शक. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि वैतागल्या की घरचं.

"सुगत, तुले बोलता येते हे साऱ्या कॉलेजले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "आता ऐकता येते का, ते पाहू."

सहा नंबरच्या खाटेवर नारायण पाठक होते. वय एकसष्ट. जिल्हा न्यायालयातले निवृत्त लघुलेखक, म्हणजे स्टेनो. निदान तीव्र नैराश्याचं. पावणेदोन महिन्यांत ते एक अक्षर बोलले नव्हते. वाढलं तर दोन घास खायचे, सांगितलं तर आंघोळ करायचे, आणि बाकी वेळ मांडीवर एक लांबट वही घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायचे. वॉर्डात मिळते तसली बोथट, बोटभर पेन्सिल हातात.

आता या अभ्यासात 'प्रोसेस रेकॉर्डिंग' नावाचा एक प्रकार असतो. रुग्णाशी वीस मिनिटं बोलायचं आणि ते बोलणं शब्दाला शब्द लिहून काढायचं. रकाने चार. रुग्ण काय म्हणाला, नर्स काय म्हणाली, त्यावरून काय समजलं, आणि नर्सने कोणतं तंत्र वापरलं. गंमत अशी की रुग्णासमोर लिहायचं नाही. मोबाईलवर आवाज भरून घ्यायचा नाही. उठून बाहेर जायचं आणि आठवून लिहायचं. तंत्रांची यादी सुगतला पाठ होती. त्या यादीत एक तंत्र 'शांतता' हेही होतं. ते त्याने मोठ्याने घोकून पाठ केलं होतं.

पहिल्या दिवशी तो स्टूल ओढून बसला.

"काका, मी सुगत. आज कसं वाटून राहिलं? झोप झाली असनं. झालीच असनं, चेहऱ्यावरूनच दिसते. चहा घेतला? इथला चहा म्हणजे काय सांगू तुमाले, आमच्या धामणगावच्या टेसनावर..."

वीस मिनिटांनी तो धामणगावच्या स्टेशनवरून शेंदूरजन्याच्या बागांत आणि बागांतून संत्र्याच्या कलमांपर्यंत पोचला होता. पाठककाका वहीत काहीतरी गिरगटत होते. बारीक, वाकड्या, तुटक रेघा. अळ्या सांडल्यासारख्या. सुगतने बाहेर येऊन लिहिलं, 'रुग्ण काही बोलला नाही. वहीत निरर्थक रेघोट्या ओढतो.'

अशा तीन आठवडे रोज बैठका झाल्या. पहिला रकाना कोराच. दुसरा रकाना मात्र ओसंडून पानाच्या मागे गेलेला.

तायडे मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिले. "हे रेकॉर्डिंग हाये का तुहं आत्मचरित्र?"

"मॅडम, काका बोलतच नाई तं मी काय करू?"

"तू चूप राह्यला का कधी?"

"राह्यलो न."

"किती?"

सुगतने खरोखर आठवून पाहिलं. "श्वास घेतो तेव्हा राह्यतो."

अभ्यास म्हणून त्याने घरीही तंत्रं वापरून पाहिली. रविवारी फोनवर आई, इंदूबाई, म्हणाली, "काहून रे, जेवला का?"

"जेवणाबद्दल विचारावंसं तुले काहून वाटते, आई?"

इंदूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, "तब्येत बरी हाये न तुही?"

"म्हणजे तुले माह्या तब्येतीची काळजी वाटते."

"ओ," इंदूबाईंनी आत हाक मारली, "इकडे या जरा. पोट्टा तिकडे शिकाले गेला का भरती झाला, ते विचारा त्याले."

वडील, देवमन, फोनवर आले. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. दोन शब्दांच्या वर बोलत नसत. "ठीक?" त्यांनी विचारलं. "ठीक," सुगत म्हणाला. देवमननी फोन ठेवला. चारही रकाने दोन शब्दांत भरणारा माणूस आपल्या घरातच आहे, हे सुगतच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी पाठककाकांच्या पत्नी आल्या. कुंदाकाकू. डब्यात मऊ खिचडी आणि पिशवीत नवी कोरी वही. सुगत खाटेच्या पायथ्याशी फाइल लिहीत होता. काकूंनी सहज डोकावून पाहिलं.

"रेघोट्या?" त्या म्हणाल्या. "निरर्थक?"

"म्हणजे काकू, ते आमच्या भाषेत..."

"अहो, शॉर्टहँड आहे ते! एकतीस वर्षं मी ह्यांच्या सदऱ्यांच्या खिशातून असले कागद काढतेय. आमच्या घरी किराण्याची यादीही ह्यातच. म्हणून दुकानात नेहमी ह्यांनाच जावं लागायचं. मला काय कळतंय, तूरडाळ कुठली आणि साबण कुठला!"

सुगतने फाइलीची मागची पानं उलटली. त्या 'निरर्थक रेघोट्या' त्याने तीन आठवडे लक्षण म्हणून नोंदवल्या होत्या. त्याच्या फाइलीवरून त्या दोन ज्युनिअर पोरींनी उतरवून घेतल्या होत्या. एकीने तर त्यांवर सेमिनारही दिला होता, तीस स्लाइडचा, आणि त्यात रेघांच्या वाकण्याचा बालपणाशी संबंध जोडला होता. टाळ्या पडल्या होत्या.

आता त्याला दुसरं काही सुचेना. हा माणूस आपल्यासमोर बसून रोज वीस मिनिटं लिहितो, ते काय? काकूंना वाचता येत नव्हतं. वॉर्डात कोणाला येत नव्हतं. तो काकांसमोर जाऊन बसला.

"काका, यातलं एक पान मी कोणाकडून वाचून घेऊ का? तुमी हो म्हटलं तरच."

आणि तो थांबला. तंत्र म्हणून नव्हे. त्याला उत्तर खरोखर हवं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. पाठककाकांनी वहीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. मग एक पान घडीवर नखाने दाबून नीट सरळ फाडलं, चार घड्या केल्या आणि त्याच्या हातात दिलं.

तायडे मॅडमनी विचारलं, "पेशंटनं सोताहून देल्लं? तं जा. नाव मात्र कोठी सांगजो नोको."

अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत खुशालरावांचा टायपिंगचा क्लास होता. आता तिथे कॉम्प्युटर होते. पण पाटीवर कोपऱ्यात 'मराठी लघुलेखन' ही अक्षरं अजून होती, आणि ते शिकायला सतरा वर्षांत कोणी फिरकलं नव्हतं. खुशालराव पंच्याहत्तरीचे. सुगतने पान पुढे केल्यावर त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, जावयाने नातू हातात द्यावा तसं.

"वा! वळण पाहा बेटा, वळण! शंभराच्या वर स्पीड हाये या मानसाची. कोठी सापडला तुमाले?"

"सर, वाचता येते?"

खुशालरावांनी चष्मा बदलला, खाकरले, आणि कोर्टात वाचतात तसं सुरात वाचायला लागले.

"प्रश्न: काका, आज कसं वाटून राहिलं? उत्तर: साक्षीदारास वेळ देण्यात आला नाही. प्रश्न: झोप झाली का? उत्तर: ब्रदर यांनी स्वतःच दिले. प्रश्न: चहा घेतला का? उत्तर: साक्षीदार तोंड उघडत असता ब्रदर धामणगावास गेले."

दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. सुगत खुर्चीत सावरून बसला.

"ब्रदर यांनी संत्र्याच्या कलमांबाबत सविस्तर माहिती दिली. मुद्द्याशी संबंध दिसून येत नाही. तथापि माहिती चांगली आहे." खुशालरावांनी ओळीवर बोट ठेवलं. "पुढे आकडे हायेत. एकूण प्रश्न एकेचाळीस. दोन प्रश्नांतील जास्तीत जास्त अंतर चार सेकंद. साक्षीदारास उत्तराकरिता अंदाजे सात मिनिटे लागतात. तशी सोय या ठिकाणी नाही. सबब साक्ष झाली नाही."

पंखा फिरत होता. पलीकडे दोन मुली कळा बडवत होत्या.

"हा साक्षीदार कोन?" खुशालरावांनी विचारलं.

"नाव सांगता येत नाई, सर."

"आन् हा ब्रदर?"

"त्याचंई नाई."

"येडं बयताड दिसते."

"हो, सर."

अडीच महिने गप्प असलेला माणूस गप्प नव्हताच. तो उत्तर द्यायला निघायचा, आणि अर्ध्या वाटेत त्याला धामणगाव लागायचं. परतीच्या एसटीत सुगतने ठरवलं, सात मिनिटं बोलायचं नाही. घड्याळ लावलं. बडनेरा यायच्या आत शेजारच्या माणसाला त्याने, आपण सात मिनिटं न बोलण्याचा सराव करत आहोत, हे पूर्ण तपशिलासह सांगून टाकलं होतं. त्या माणसाने मूर्तिजापूरपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. सुगतला हे सोंग कळलं, ही त्यातल्या त्यात प्रगती.

सोमवारी तो स्टुलावर बसला. "काका, आज कसं वाटते?" एवढंच म्हणाला आणि दात दाबून धरले.

पहिलं मिनिट निघालं. दुसऱ्यात त्याच्या जिभेला अक्षरशः खाज सुटली. तिसऱ्या मिनिटाला त्याला दिसलं की काकांचा अंगठा पेन्सिलीवर पुढे सरकतो आणि मागे येतो. बोलायला निघालेलं काहीतरी हातातून परत जात होतं. हे तीन आठवडे रोज समोर चाललं असेल आणि आपण पाहिलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. चौथ्यात त्याने पंख्याचा आवाज ऐकला. तो दर तिसऱ्या फेरीला खडखडत होता. पाचव्यात काकांचे ओठ हलले. सुगतने स्टुलाची कड घट्ट पकडली. सहावं मिनिट एवढं मोठं होतं की त्यात एखादी परीक्षा झाली असती. सातवं संपत आलं तेव्हा काका म्हणाले,

"तो पंखा."

आवाज गंजलेल्या कडीसारखा. सुगत हलला नाही.

"बंद करा तो. तीन आठवडे झाले, खडखडतोय."

सुगतने उठून पंखा बंद केला. बाहेर त्रेचाळीस होतं. वॉर्डातले बाकीचे पेशंट ओरडायला लागले. नऊ नंबरचा बंडू, ज्याला उत्तर द्यायला प्रश्नाचीही गरज नसे, तो म्हणाला, "ओ ब्रदर, मारता का आमाले? आन् पंखा बंद करून हसून काहून राहिले?"

त्या दिवशी पहिला रकाना भरला. 'तो पंखा.' चौथ्यात सुगतने लिहिलं, 'शांतता.' तायडे मॅडमनी सही केली, मग सहीखाली तारीख घातली, आणि बराच वेळ ते पान परत दिलं नाही.

गोळ्यांचाही तो पाचवा आठवडा होता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. डॉक्टरांच्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना हात देत होत्या. काका आता जेवत होते. रोज एक प्रश्न, सात मिनिटं, आणि मग पाच-दहा वाक्यं. कुठल्या न्यायाधीशांना 'इत्यादी' शब्द आवडायचा नाही, मुलगी चारुता अमरावतीहून रविवारी येते ती चपला कुठे काढते, असलं काहीतरी. सुगत ऐकायचा. ऐकताना त्याला सारखं वाटायचं, ह्याच्या मागे अजून काहीतरी आहे. एक दार आहे, आणि काका रोज त्याच्यापर्यंत येऊन परत फिरतात. त्याने विचारलं नाही. विचारलं नाही, हे लिहायला सोपं आहे.

मे महिन्यात परीक्षा लागली. परीक्षक पुण्याकडच्या एक बाई होत्या. रुग्णाबरोबर बोलायला पंधरा मिनिटं. फाइल आणि तोंडी परीक्षा धरून गुण पन्नास, पास व्हायला पंचवीस.

आदल्या दिवशी दुपारी तायडे मॅडमनी सुगतला बोलावलं आणि गुणांचा तक्ता पुढे ठेवला. "पाह्य. चौदा तंत्रं हायेत. हरेकाचे दोन-तीन मार्क. पंधरा मिनिटांत जेवढी दाखवशील तेवढे मार्क. पाठककाकांले घेतलं तं सात मिनिटं सुमसाम जाईन. त्याचे मिळतीन दोन."

"मंग?"

"मंग बंडू घे. नऊ नंबर. सारे घेतात. तीन मिनिटांत चौदा तंत्रं होतीन, वरून तो तुह्याच तब्येतीची चौकशी करीन."

सुगतला हे पटलं. खुर्ची पुसून ठेवलेली होती. बंडूला विचारायला तो वॉर्डात गेला, आणि आधी काकांना सांगून टाकावं म्हणून सहा नंबरशी थांबला. काका खाटेवर नव्हते; बेसिनजवळ दाढी करून घेत होते. उशाशी पांढरा इस्त्रीचा सदरा घडी करून ठेवला होता. कुंदाकाकू स्टुलावर बसून काळे बूट पुसत होत्या.

"कोर्टाचे आहेत," काकू म्हणाल्या. "तीन वर्षं माळ्यावर होते. सकाळी म्हणाले, काढ. म्हटलं, कशाला? तर म्हणाले, उद्या साक्ष आहे."

सुगत बंडूकडे गेला नाही. बंडूला ही गोष्ट आजही खटकते.

परीक्षेच्या दिवशी सहा नंबरसमोर तीन खुर्च्या होत्या. परीक्षक बाई, तायडे मॅडम, सुगत. काका बूट घालून ताठ बसलेले. परीक्षक बाईंनी घड्याळ लावलं.

"काका," सुगत म्हणाला, "आज सांगावंसं वाटते असं काई हाये का?"

आणि थांबला.

दीड मिनिटाने परीक्षक बाई मृदूपणे म्हणाल्या, "विद्यार्थी, तुम्ही सुरुवात करू शकता."

"केली, मॅडम."

तिसऱ्या मिनिटाला त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. चौथ्याला सुगतच्या डोक्यात तेरा तंत्रं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या गळ्यात दोन-तीन गुणांची पाटी. एक वाक्य बोललं तर तीन गुण. पण काकांचा अंगठा हलत होता. पेन्सिल नव्हती, तरी हलत होता. सुगतने त्या अंगठ्याकडे पाहत राहायचं ठरवलं. तायडे मॅडमनी डोळे मिटून घेतले होते, परीक्षा त्यांचीच असल्यासारखे.

सात मिनिटं झाली.

"चौतीस वर्षं मी लिहून घेतलं," काका म्हणाले. "एकदा एक बाई साक्षीला होत्या. खेड्यातल्या. वकिलांनी विचारलं, त्या रात्री तुम्ही काय पाहिलं. बाई गप्प. साहेब थांबले, थोडे थांबले. मग म्हणाले, लिहा, उत्तर नाही. मी लिहिलं. लिहून मान वर केली तेव्हा बाईंचे ओठ हलत होते. मी पाहिलं. मी एकट्याने पाहिलं. पण साहेब पुढच्या प्रश्नावर गेले होते, आणि माझं काम साहेब बोलतील ते लिहायचं. शॉर्टहँडमध्ये सगळ्याला खूण आहे हो. ओठ हलले, याला खूण नाही. मी 'उत्तर नाही' टाइप केलं, सही झाली. रिटायर झाल्यावर सगळं विसरलो, साहेब विसरलो, वकील विसरलो. त्या बाई तेवढ्या घरी आल्या. रोज यायच्या. समोर उभ्या, ओठ हलताहेत. मी म्हणायचो, बोला बाई, मी लिहून घेतो. तर आवाज येईना. मग मला वाटलं, माझ्याही तोंडून आता येऊ नये. तेच योग्य." ते जरा थांबले. "हे ब्रदर थांबतात. म्हणून सांगितलं."

सुगतच्या डोळ्यांसमोर टेबलावरची दोन संत्री आली. ती तो बोलता बोलता सोलून खाऊन टाकायचा, तेही त्याला आठवलं. काकांनी हात पुढे केला, त्याने तो धरला. घड्याळ वाजलं. परीक्षक बाईंनी ते बंद करायला जरा जास्तच वेळ लावला.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तक्ता भरला. प्रश्न एक. इतर तंत्रं दिसली नाहीत. शांतता, दोन पैकी दोन. फाइल, नोंदी, तोंडी परीक्षा धरून एकूण तेवीस.

"मॅडम, पेशंट बोलला!" तायडे मॅडम म्हणाल्या. "अडीच महिने मुका होता तो!"

"मी ऐकलं ना," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा हातात होता आणि त्या तो पुसत होत्या. "मला पूर्ण पटलंय. पण रकाना नाही हो. दोनाच्या जागी मी वीस कुठे लिहू?"

अशा रीतीने तो न वाचलेला पहिला परिच्छेद खरा निघाला. सुगत दोन गुणांनी नापास. फेरपरीक्षा नोव्हेंबरात, तोवर पुन्हा वरुडकडे इंजेक्शनची खोली. आणि पाठककाकांच्या फाइलीत त्याच आठवड्यात डॉक्टरांनी शेवटचा तक्ता भरला. झोप ठीक, भूक ठीक, बोलणे सुसंगत आणि पुरेसे. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. गोळ्या चालू ठेवून घरी सोडण्यास हरकत नाही.

संत्री ठेवणाऱ्या बाईंची गोष्ट सुगतने काकांना परीक्षेनंतर सांगितली होती, या वेळी थोडक्यात. घरी जायच्या दिवशी काकांनी सुगतला समोर बसवलं. कुंदाकाकू पिशव्या भरत होत्या.

"किती कमी पडले?"

"दोन."

काका विचारात पडले. सुगतने घड्याळ पाहिलं नाही. आता अंदाज बसला होता. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "नक्कल मागा."

"कायची, काका?"

"कोर्टात जे घडलं त्याची शिक्का मारलेली प्रत मागता येते. अर्ज करायचा."

"पण ते रेकॉर्डवर असनं तरच मिळते न? इथं तं रकानाच नोयता."

"नाही मिळणार," काका शांतपणे म्हणाले. "पण नाकारायचं झालं तर त्यांना लिहून नाकारावं लागेल. म्हणजे कशाला नाकारलं, ते लिहावं लागेल. तेवढंच रेकॉर्डवर येईल. घ्या, लिहा."

"मी लिहू?"

"चौतीस वर्षं मी लिहिलं. आज सांगतो."

कुंदाकाकूंनी हातातला डबा खाली ठेवला. सुगतने वही घेतली, बोथट पेन्सिल घेतली. काका खिडकीकडे पाहत सांगू लागले. मध्ये एकदा ते फार वेळ थांबले, तेव्हा सुगतही पेन्सिल कागदावर टेकवून थांबला. पुढचं वाक्य आलं तसं त्याने उतरवून घेतलं, साध्या अक्षरांत, कोणालाही वाचता येईल असं:

प्रति, मा. परीक्षा नियंत्रक साहेब, यांचे सेवेशी. विषय: शांततेची नक्कल मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, दिनांक चौदा मे रोजी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे ते अकरा वाजून बारा मिनिटे या वेळेत अर्जदार विद्यार्थी 'केली, मॅडम' हे दोन शब्द वगळता काहीही बोलला नाही. सदर न बोलणे अर्जदाराने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय केलेले असून, ते चालू असताना साक्षीदाराचे ओठ हलले, याची नोंद आपले दप्तरी आढळून येत नाही. तरी मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, सदर सात मिनिटांची एक प्रमाणित नक्कल, मध्ये कोठेही न तोडता, सही-शिक्क्यानिशी अर्जदारास देण्यात यावी. आणि तशीच एक जादा प्रत, नाव व पत्ता ठाऊक नसलेल्या दोन बायांस, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची तारीख नेमून, रजिस्टर टपालाने पाठवण्यात यावी, ही विनंती.